राखेतला टेकू

आमचे हे रिकामे बसले की दोन्ही तळहात समोरासमोर धरून बसायचे. मध्ये एक वीत आणि चार बोटं एवढं अंतर. नव्या माणसाला वाटायचं, सुताची लडी धरायला बसलेत. एकदा टपाल घेऊन आलेला माणूस म्हणाला, "केवढा मासा सापडला होता ते दाखवताय होय?" हे हसले नाहीत. हातही खाली घेतले नाहीत.

तेवढ्या लांबीचा एक लाकडी ठोकळा होता. आम्ही त्याला टेकू म्हणायचो. सतरा वर्षांपूर्वी एका दिवशी तो टेकू आपण जागेवर लावला होता की नव्हता, हे ह्यांना ठरवता येत नव्हतं. "मला दोन्ही आठवतं," ते एकदाच माझ्याजवळ बोलले. "हात रिकामा बाहेर आला, तेही आठवतं. लावला, तेही आठवतं. खरं तर एकच असणार ना?"

मी काय सांगणार? तो दिवस माझ्यासाठी दुपारच्या आरोळीनं सुरू होतो. त्याच्या आधीचं पाटी पुसल्यासारखं कोरं आहे.

आमचं लोहाराचं दुकान घराला लागूनच, मधे एक दार. दुकानाच्या मागच्या बाजूला हवेचा हातोडा उभा होता. दोन माणसांच्या उंचीचा, मान पुढे काढलेल्या जनावरासारखा. घरातले त्याला थोरला म्हणायचे. मोटार लावली की त्याच्या एका नळकांड्यात हवा दाबली जायची आणि ती दुसऱ्या नळकांड्यातला घण उचलून आपटायची. पायपट्टीवर पाय ठेवला की ठोके पडायचे. पाय उचलला की घण हवेवरच वर तरंगत राहायचा आणि थोरला झोपलेल्या माणसासारखा हं, हं करत राहायचा. मोटार बंद केली की हवा सुटते, घण खाली येतो. चार माणसांनी मिळून उचलावा एवढा तो जड. म्हणून त्याच्या तोंडात हात घालायचा असला की आधी मधे टेकू उभा करायचा, मग मोटार बंद करून घण त्यावर विसावू द्यायचा. तोंड म्हणजे लोखंड जिथं चेपलं जातं ते दोन पोलादी ठोकळे. वरचं घणाला, खालचं ऐरणीला, दोन्ही पाचरा मारून बसवलेली.

त्या दिवशी खालच्या तोंडाची पाचर सैल झाली होती. हे म्हणाले, "टेकू लावलाय, घाल हात." ह्यांचे धाकटे भाऊ, माझे भावोजी, त्यांनी हात घातला. घण आला.

लोक धावले, साखळीनं घण उचलला. टेकू कुठंच दिसला नाही. तोंडात नाही, जमिनीवर नाही, भट्टीजवळ राखेच्या डब्यात तो नेहमी असायचा, तिथंही नाही. नव्हताच लावला, असं ठरलं. भावोजी तिसऱ्या दिवशी गेले. जाण्याआधी तापात म्हणत होते, "दादानं लावला होता गं. सरकला." माझी जाऊ उशाशी बसलेली. ती डोळे पुसत म्हणाली, "वेडे ते वेडेच. मरताना पण भावाची बाजू घेतायत."

त्यानंतर ती ह्यांच्याशी बोलली नाही. सतरा वर्षं. घर एक, चूल एक, दार एक. हे समोर दोन हातांवर उभे असले तरी ती मला म्हणायची, "ताई, त्यांना सांगा, मागचा पत्रा गळतोय." हे म्हणायचे, "सांग तिला, बघतो." मी मधे उभी राहून "बघतो म्हणतायत" असं सांगायची. मिठापासून पोरीच्या फीपर्यंत सगळं माझ्यातून जायचं. पण माझ्यावर तिचा जीव होता. तिला ताप आला की मी, मला आला की ती. सख्ख्या बहिणी असतात की नाही अशा, कुणास ठाऊक.

माझं एक साधं व्रत आहे. लग्न होऊन आले तेव्हापासूनचं. सकाळी अंघोळ करून, कुणाशी एक शब्द न बोलता दुकानात जायचं, दिवा लावायचा, आणि वाटीतल्या दिव्याच्या तेलात तीन बोटं बुडवून एकेका अवजाराला लावायची. ऐरण, सांडशा, हातोडे, भट्टीचा भाता, आणि शेवटी थोरला. ज्यांच्यावर घर जेवतं त्यांना आधी, मग आपण. तेल लावून झालं की तोंड उघडायचं. तेल लागलं नाही तर बोलायचं नाही. एवढंच.

अपघातानंतर थोरल्यावर ताडपत्री पडली. हे पुन्हा हातानं काम करू लागले. मी मात्र रोज ताडपत्रीचा कोपरा उचलून तेल लावत राहिले, जिथंजिथं हात पोचेल तिथं, आणि उरलेलं त्याच्या तेलनळ्यांत सोडत राहिले. त्याचा काय दोष, असं वाटायचं. आणि वर्षातल्या काही महिन्यांत, विहिरीचं पाणी वर चढलं की, त्या शांत वेळेला मला आवाज यायचा. थोरल्याच्या खालून, जमिनीतून. टक्. मग बराच वेळ काही नाही. पुन्हा टक्. कुणीतरी आतून हळूच दार वाजवावं तसा. मला बोलता यायचं नाही, व्रत चालू असायचं. नंतर बोलायचं धाडस व्हायचं नाही. एकदा मागं वळून पाहिलं तर हे मधल्या दारात उभे. तळहात तसेच समोरासमोर. त्यांनीही ऐकलं होतं. आम्ही दोघंही आपापल्या कामाला लागलो.

भावोजी गेले तेव्हा त्यांची मुलगी सात वर्षांची होती. तिला आम्ही ठिणगी म्हणतो, आणि नाव वाया गेलं नाही. चोविसाव्या वर्षी काकाच्या बरोबरीनं भट्टीवर उभी राहायची. दगड फोडणाऱ्यांच्या छिन्न्या, पहारी, कुदळी. ह्यांचा उजवा खांदा आता वर जाईना. एक दिवस जेवताना तिनं सांगून टाकलं, "मी थोरला दुरुस्त करून घेणार आहे. मिस्त्रीला निरोप गेला."

हे घास हातात घेऊन थांबले. जाऊ माझ्याकडे बघून म्हणाली, "ताई, तिला विचारा, बाप खाऊन पोट भरलं नाही का त्याचं?"

"आई, मी इथंच बसलेय. मला विचार."

"मग ऐक. टेकू माझ्या हातानं लागेल. दुसऱ्या कुणाच्या हातावर माझा भरवसा नाही."

कुणाचा हात, ते बोलायची गरज नव्हती. हे म्हणाले, "चालव. पण पायपट्टीवर मी पाय ठेवणार नाही. लावला होता की नाही हे कळल्याशिवाय नाही." आणि हात धुवायला उठले. ते कळणार कसं, हे कुणी विचारलं नाही. सांगणारा सतरा वर्षांपूर्वीच गेला होता.

मिस्त्री आला. सत्तरीचा, वाळका, आणि ठार बहिरा. जन्म हातोड्यांपाशी गेलेला. ठिणगी ओरडून बोलायची, तो म्हणायचा, "कशाला घसा फोडतेस? ओठ हलव, पुरे." माझे ओठ मात्र त्याला वाचता येईनात. म्हणाला, "ह्या बाई बोलतात की फुंकर मारतात?" जाऊ बऱ्याच दिवसांनी हसली.

त्यानं ताडपत्री ओढली, चपला काढल्या आणि अनवाणी थोरल्याभोवती फिरला. त्याचे कान पायात होते. मग झाकण उघडलं, पिस्टन बाहेर काढला, बोट फिरवून ते नाकाशी नेलं.

"किती वर्षं बंद म्हणता?"

ठिणगीनं बोटं दाखवली.

"थापा मारू नका. सतरा वर्षं बंद हातोडा आतून तांबूस भुगा होतो. ह्याच्या रिंगा झिजल्यात, झडपेची पट्टी गेली, पण गंज? नावाला नाही. ह्याला कुणीतरी रोज तेल पाजलंय. कोण ती माउली?"

सगळ्यांनी माझ्याकडे पाहिलं. मला लाज वाटली आणि, खोटं कशाला बोलू, बरंही वाटलं. जाऊ म्हणाली, "आमच्या ताईंचं व्रत आहे. त्यांच्या हाताचं पुण्य."

तीन आठवडे काम चाललं. लेथवरचा कातारी नव्या रिंगा ओतीव लोखंडातून कातून घेऊन आला. ठिणगीनं एकेक तेलनळी तारेनं साफ केली, फुंकली, तोंड काळं करून घेतलं. घण वर साखळीला टांगून ठेवला होता. मग मिस्त्री म्हणाला, ऐरण उचलायला लागेल. ऐरणीखाली लाकडी ओंडक्यांची बैठक असते, ठोका पायात जिरावा म्हणून. ती कुजली असणार. भोवतालच्या लोखंडी पट्ट्या काढल्या, ऐरणीला दुसऱ्या साखळ्या बांधल्या, आणि चौघांनी ओढून ती वर घेतली.

खाली खड्डा. त्यात गुडघाभर काळं पाणी, वर तेलाचा थर. ऐरण सुटताना पाणी हेलकावलं, आणि खड्ड्याच्या भिंतीवर काहीतरी लागलं. टक्.

हे खड्ड्याशी आले. मी काहीतरी घट्ट धरलं, वाटी की आणखी काही, तेही आठवत नाही. ठिणगी खड्ड्यात उतरली, कोपरापर्यंत हात घातला आणि एक काळा ठोकळा वर काढला. "हे काय आहे? बैठकीचा तुकडा का?"

ह्यांनी आपले तळहात पुढे केले, तसेच, नेहमीच्या अंतरावर. ठिणगीला काय वाटलं देव जाणे, तिनं ठोकळा त्या दोन तळहातांच्या मधे ठेवला. बसला. इकडे तीळभर जागा उरली नाही, तिकडे उरली नाही.

मिस्त्रीनं तो घेतला, रॉकेलच्या फडक्यानं पुसला, उजेडात धरला. एका टोकाची कड चेपून तिरकी झाली होती आणि तिथून आडवा ओरखडा सरळ बाहेर गेला होता. "टेकू आहे हा. लावलेला होता. घणाचा भार आला आणि सटकला, बाहेर उडाला, ही पट्टी त्या दिवशी काढलेली असणार, फटीतून खाली गेला." त्याला आमची गोष्ट ठाऊक नव्हती. तो लाकूड वाचत होता. "कुणाला लागलं-बिगलं नाही ना?"

हे खाली बसले. आणि बोलू लागले, भराभरा, मी कधी ऐकले नव्हते इतके शब्द. "डब्यात हात घातला तर राखच हाताला लागली. टेकू नव्हता. हात रिकामा आला तो तेव्हा. मग इकडेतिकडे पाहिलं तर खिडकीत होता! खिडकीत, स्वच्छ पुसलेला. मी तो घेतला आणि लावला. लावला होता मी. दोन्ही खरं होतं." ते लहान मुलासारखे सगळ्यांकडे बघत होते. "खिडकीत कुणी ठेवला होता कुणास ठाऊक."

जाऊ उभी होती तिथून दोन पावलं पुढे आली. "दादा," ती म्हणाली. "हे मरताना सांगत होते हो. सरकला म्हणून सांगत होते. मीच ऐकलं नाही." आणि तिनं त्यांच्या पायाशी डोकं टेकलं. सतरा वर्षांनी. ठिणगी खड्ड्यात उभी राहूनच रडत होती.

मिस्त्री अजून टेकूच पुसत होता. माणसांच्या रडण्याचा त्याला आवाज नव्हता. "पण सटकावा का?" तो स्वतःशी म्हणाला. "वरून तेल ठिबकतंच, म्हणून तर टेकू राखेत ठेवायचा. दोन्ही टोकं राखेनं कोरडी, खरखरीत हवीत. आणि हे बघा, खड्ड्यातलं मशीनचं तेल रॉकेलनं निघालं, हे डाग निघत नाहीत. हे दिव्याचं तेल. लाकडावर वाळलं की लाखेसारखं बसतं. टेकूला तेल कुणी लावलं?"

त्याचा प्रश्न कुणी ऐकलाच नाही. मी ऐकला. त्याच्या हातातल्या टोकावर मधासारखे चकाकणारे तीन ठसे होते, एका ओळीत. तीन बोटं टेकवली तर मधलं बोट पुढे जातं, ठसे कमानीत उमटतात. माझं मधलं बोट लहानपणी दाराच्या फटीत चेंगरून आखूड झालेलं आहे. माझे ठसे एका ओळीत उमटतात.

तेव्हा ती सकाळ परत आली. कुठं दडून बसली होती, पण आली ती अख्खी आली. सगळ्यांना तेल लावून झालं होतं आणि वाटीत थोडं उरलं होतं. राखेच्या डब्याकडे लक्ष गेलं. मनात आलं, सगळ्यांना मिळतं, हाच बिचारा वर्षानुवर्षं राखेत पडलेला. एवढा भार घेतो, पण ह्याला कुणी हात लावत नाही. मी तो काढला, पदरानं राख पुसली, उरलेलं सगळं तेल त्याला चोळलं, दोन्ही टोकांना तीन बोटं टेकवली, आणि ऊन लागावं म्हणून खिडकीत ठेवला. नमस्कार केला. किती प्रसन्न वाटलं होतं मला.

त्या दिवशी मी कुणाला काही बोलले नाही. बोलायला जागाही नव्हती. घरात सतरा वर्षांचं बोलणं तुंबलेलं होतं, ते वाहत होतं.

दुसऱ्या दिवशी पहाटे अंघोळ केली, दुकानात गेले, दिवा लावला. तीन बोटं तेलात बुडवली. ऐरणीपर्यंत हात नेला आणि तो टेकवेना. किती वेळ उभी होते. तेल बोटांवरून ठिबकून मनगटापर्यंत आलं. शेवटी पदराला हात पुसून घरात आले. तेल लागलं नव्हतं, म्हणजे बोलायचं नाही.

पहिल्या दिवशी कुणाच्या लक्षातही आलं नाही. निरोप्याची गरजच संपली होती. "दादा, भाकरी वाढू?" "वाढ की." "दादा, तो पत्रा..." "आजच बघतो." मी ताट घेऊन मधे उभी, आणि शब्द माझ्या डोक्यावरून थेट जात होते. ह्यांचे हात पहिल्यांदाच गुडघ्यांवर पडलेले होते, मोकळे. ते मी बघत राहिले. त्यांना मोकळं करायला सत्य लागलं होतं, पण अर्धं पुरलं होतं. उरलेलं अर्धं मी गिळलं तर कुणाचं काय बिघडणार होतं? जाऊ माझीच राहणार होती. मनात असंही आलं की ह्यांनी घाईत राख चोळली नाही, चूक त्यांचीही. असं मनात आलं त्याची लाज अजून गेलेली नाही.

दुसऱ्या दिवशी ठिणगीनं विचारलं, "काकू, घसा बसलाय का?" मी मान हलवली. जाऊनं पाणी गरम करून दिलं, मीठ घालून. गुळण्या करायला लावल्या. माझ्या पाठीवरून हात फिरवला. तो हात फिरत होता तेवढा वेळ मी गुळण्याच करत राहिले.

तिसऱ्या दिवशी नव्या ओंडक्यांवर ऐरण बसली. मिस्त्रीनं थोरल्याच्या मानेवर बोट फिरवलं, नाकाशी नेलं आणि माझ्याकडे वळला. "कोरडा आहे. तीन दिवस कोरडा आहे. माउली रुसली का?" मग माझ्या बंद ओठांकडे पाहून म्हणाला, "मला काय, तुम्ही बोला नाहीतर नका बोलू, सारखंच. पण ह्याला कळतं."

हे तेव्हा पाचर घासत होते. त्यांचा हात थांबला. त्यांनी माझ्याकडे पाहिलं, कोनाड्यातल्या तेलानं भरलेल्या वाटीकडे पाहिलं, आणि पुन्हा पाचर घासू लागले. खूप हळू.

चौथ्या दिवशी थोरला चालवायचा होता. घण अजून साखळीला टांगलेला. मिस्त्रीनं सांगितलं, टेकू लावा, घण त्यावर उतरवू, साखळी सोडू, मग मोटार. मोटारीनं घण उचलला की टेकू काढून घ्यायचा. तोच जुना टेकू, लाकूड खणखणीत होतं. ठरल्याप्रमाणे जाऊ पुढे झाली. तिनं टेकू उचलला आणि राखेच्या डब्याकडे निघाली. एकदा राख चोळली की ते ठसे कुणालाच दिसणार नव्हते.

मी तिचं मनगट धरलं.

"काय हो ताई?"

मी टेकू तिच्या हातात असतानाच फिरवला. ठशांचं टोक वर आणलं. आणि माझी तीन बोटं त्या तीन ठशांवर ठेवली.

बसली. आखूड बोटासकट.

तिनं आधी हसूनच पाहिलं, काय खेळ चाललाय अशी. मग बोटांकडे पाहिलं. ती बोटं तिला पाठ होती. तिच्या कपाळावर तापात पट्ट्या ठेवणारी, तिच्या पोरीची वेणी घालणारी. मग खिडकीकडे पाहिलं. मग कोनाड्यातल्या वाटीकडे. एकेक पायरी उतरावी तसं तिचं तोंड उतरत गेलं.

"खिडकीत," हे मागून म्हणाले. एवढंच. त्यांनाही आता विचारायचं उरलं नव्हतं.

"काय झालं? आई? काकू, काय झालं?" ठिणगी एकीकडून दुसरीकडे बघत होती. तिला मी नंतर सांगितलं, एकटीला बसवून, पहिल्यापासून. ती उठून भट्टी साफ करू लागली.

जाऊनं टेकू माझ्या बोटांखालून काढून घेतला. हिसकावला नाही. माझी बोटं आपोआप उचलली जावीत एवढ्या सावकाश काढला. ती डब्यापाशी बसली आणि राख चोळू लागली. आधी दुसरं टोक. मग ते. तळव्यानं दाबून, गोल गोल, किती वेळ. मिस्त्री म्हणाला, "पुरे हो, झाला." तिला ऐकू आलं नाही. त्या दिवशी तीही बहिरी होती.

मग उठली, टेकू दोन तोंडांच्या मधे उभा केला आणि हात काढून घेतला. घण उतरला. टेकलेला टेकू जरासुद्धा हलला नाही. साखळी सुटली. मिस्त्री अनवाणी उभा होता, डोळे मिटून. "जागेवर आहे," तो म्हणाला.

ठिणगीनं मोटार लावली. पट्टा फिरला, थोरल्यानं सतरा वर्षांनी श्वास घेतला, हं, हं, आणि घण वर उचलला जाऊन तरंगू लागला. ठिणगीनं सांडशीनं टेकू काढून घेतला. रिकाम्या तोंडावर ठोका मारत नाहीत, म्हणून आधी लाकडाचा ओंडका ठेवला. मग ठिणगी बाजूला झाली. हे पुढे आले, चप्पल काढली आणि पायपट्टीवर पाय ठेवला. धप्. धप्. धप्. खिडकीच्या काचा वाजल्या. जाऊ समोर स्टुलावर बसून होती, राखेनं माखलेले हात मांडीवर उताणे टाकून. ठोक्याठोक्याला तिचे खांदे हलत होते. ठोक्यानं की कशानं, मला सांगता येणार नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी दुकानात गेले, कारण जायची सवय आहे. दिवा लावला. कोनाड्यात तेलाची वाटी होती तिथंच होती. तिच्या शेजारी एक बशी ठेवलेली. बशीत राख, फडक्यातून चाळलेली, मऊ.

तेल मी आता लावत नाही. बशीतली राख घेते आणि टेकूच्या दोन्ही टोकांना चोळते. ते झालं की बोलते. त्या दिवशी पहिले शब्द थोरल्यापाशीच बोलले, तेल मी लावलं होतं म्हणून. ऐरणीखालचा खड्डा आता कोरडा आहे, चारी बाजूंनी सिमेंटनं बंद केलाय, आणि टेकू माझ्या डोळ्यांसमोर डब्यात असतो. तरी विहिरीचं पाणी चढलं की एखाद्या सकाळी खालून येतो आवाज. टक्. मी मागं वळून बघते. मधल्या दारात कुणी नसतं. ह्यांना तो आता ऐकू येत नाही.

वर्ष होत आलं. जाऊ ताट वाढते, माझ्या औषधाची वेळ झाली की गोळी आणि पाणी आणून ठेवते. जेवताना ह्यांच्याकडे बघून म्हणते, "दादा, त्यांना सांगा, आमटीत मीठ कमी आहे." हे मान खाली घालून माझ्याकडे वळतात. मी मीठ आणून देते.

पण बशी रोज भरलेली असते. मी उठायच्या आधी ती कधी उठते, कधी चाळते, मला माहीत नाही. राखेत खडा एकही नसतो.